फ्लोरिडात डेमोक्रॅट्स गव्हर्नरपद पुन्हा पुन्हा का हरतात?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही टॅम्पाजवळ राहता, नुकतंच नागरिकत्व मिळालं आहे आणि यंदा गव्हर्नरसाठी पहिल्यांदा मत देणार आहात. तुम्ही विचारलंत की १९९४ नंतर फ्लोरिडात डेमोक्रॅटिक पक्षाचा एकही गव्हर्नर निवडून आलेला नाही, मग पक्ष दर वेळी पडेल उमेदवारच का देतो? आणि २०२२मध्ये रिपब्लिकन पक्षातून आलेल्या चार्ली क्रिस्ट यांच्यासोबत एवढा दणकून पराभव झाला असताना, आता पुन्हा तिकडूनच आलेल्या डेव्हिड जॉली यांचं नाव पुढे कसं?

मी मध्य फ्लोरिडात २००४पासून निवडणुकांचं फील्डचं काम करते. कार्यकर्त्यांसाठी घरांच्या याद्या काढायच्या, मतदार नोंदणीची टेबलं लावायची, पोस्टाने गेलेल्या मतपत्रिका भरून परत आल्या की नाही त्याचा पाठपुरावा करायचा, अशी ही कामं. टीव्हीच्या जाहिराती, मोठ्या देणगीदारांच्या बैठका हा माझा प्रांत नाही. त्यामुळे माझं उत्तर दारात उभं राहून जे दिसतं त्यावरून आहे. मी याच पक्षाची आहे आणि हे पराभव मला लागलेले आहेत, हेही आधीच सांगते.

दोन गोष्टी सुरुवातीलाच स्पष्ट करू. गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. हे पद आपल्या मुख्यमंत्र्याचं, तेही थेट लोकांनी निवडलेल्या. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. "पक्ष उमेदवार देतो" हे वाक्य इथे लागू पडत नाही. महाराष्ट्रात पक्षाध्यक्षाच्या सहीचा एबी फॉर्म ज्याच्या हातात तो उमेदवार. इथे तसा फॉर्मच नाही. ज्याला लढायचं आहे तो स्वतः अर्ज भरतो आणि ऑगस्टमधल्या प्रायमरीत पक्षाचे नोंदणीकृत मतदार त्यांतून एक निवडतात. फ्लोरिडाची प्रायमरी बंद आहे. ज्याने नोंदणीत डेमोक्रॅट लिहिलं आहे तोच डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत देतो. राज्यातल्या सुमारे पाव मतदारांनी कुठलाच पक्ष लिहिलेला नाही. नोव्हेंबरचा निकाल बऱ्याचदा त्यांच्या हातात असतो, पण उमेदवार ठरवताना त्यांना कोणी विचारत नाही.

पूर्वी इथे एक सोय होती, ती आठवली की मला आजही हळहळ वाटते. प्रायमरीत कोणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी व्हायची. १९७०मध्ये रूबिन ॲस्क्यू पहिल्या फेरीत दुसरे होते. १९७८मध्ये बॉब ग्रॅहम दुसरे होते, तेही पहिल्या उमेदवारापेक्षा दहा टक्क्यांनी मागे. दोघांनीही दुसरी फेरी मारली, नोव्हेंबर जिंकला आणि दोघेही पुढे दोनदा गव्हर्नर झाले. दुसऱ्या फेरीत उमेदवाराला आपल्या गटाबाहेरच्या माणसाच्या दारात जावंच लागायचं, हरलेल्यांची मनधरणी करावी लागायची. नोव्हेंबरमध्ये जे करायचं त्याची ती तालीम होती. २००२मध्ये ही फेरी स्थगित केली आणि नंतर ती कायमची गेली. त्याच वर्षी बिल मॅकब्राइड या वकिलांनी देशाच्या माजी ॲटर्नी जनरल जॅनेट रेनो यांना पाच हजारांहून कमी मतांनी मागे टाकून उमेदवारी मिळवली आणि नोव्हेंबरमध्ये तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर जेब बुश यांच्याकडून सुमारे १३ टक्क्यांनी हरले.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा बदलून घेते. ऑगस्टमध्ये मतदारांपुढे जी दोन-चार नावं येतात ती नेमकी तीच का येतात? आणि ज्याचं नाव निघेल त्याच्या पायाखाली पक्षाने आधी काही बांधून ठेवलेलं असतं का? माझ्या अनुभवात उमेदवाराचा दोष म्हणून जे दिसतं, त्यातलं बरंचसं या दुसऱ्या प्रश्नात दडलेलं असतं.

आता आकडे पाहू, कारण "दर वेळी पडेल उमेदवार" हे आकड्यांत तसं दिसत नाही. २०१०मध्ये ॲलेक्स सिंक या रिपब्लिकन रिक स्कॉट यांच्याकडून साडेएकसष्ट हजार मतांनी हरल्या. २०१४मध्ये क्रिस्ट सुमारे ६४ हजारांनी हरले. २०१८मध्ये अँड्र्यू गिलम हे रिपब्लिकन रॉन डिसँटिस यांच्याकडून ३२,४६३ मतांनी हरले, तेव्हा एकूण मतं ८२ लाखांच्या आसपास पडली होती. म्हणजे सलग तीन निवडणुका एक-सव्वा टक्क्याच्या आत. या तिघांत फारसं साम्य नाही. सिंक बँकेत मोठ्या पदावर राहिलेल्या, मवाळ. क्रिस्ट जुने रिपब्लिकन. गिलम तरुण, कृष्णवर्णीय, पक्षाच्या डाव्या बाजूचे. मग २०२२ आलं आणि फरक एकदम १९ टक्क्यांच्या वर गेला, मतांत पाहिलं तर सुमारे १५ लाख.

२०१८ आणि २०२२ची मतं शेजारी शेजारी ठेवून बघा. डिसँटिस यांची मतं ४० लाख ७६ हजारांवरून ४६ लाख १४ हजार झाली, म्हणजे साधारण ५ लाख ४० हजारांची वाढ. डेमोक्रॅटिक उमेदवाराची मतं ४० लाख ४३ हजारांवरून ३१ लाख ६ हजारांवर आली, म्हणजे ९ लाख ३७ हजारांची घट. समोरच्यांनी मिळवलं त्यापेक्षा आपण गमावलं ते खूप जास्त. काही मतदार पक्ष बदलून गेले असणार. पण या घटीचा मोठा भाग घरी बसलेल्यांचा आहे, आणि घरी बसलेला मतदार हा फील्डवाल्यांचा विषय आहे.

दारोदार फिरताना आम्ही प्रत्येक मतदारापुढे एक ते पाच असा आकडा टाकतो. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का विरोधी, तीन म्हणजे ठरलेलं नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळा खेळ तीनवाल्यांचा आहे. फ्लोरिडात तो बऱ्याचदा दोनवाल्यांचा असतो. आपल्याकडे कललेला, पण मतदानाला जाईलच असं नाही, असा हा माणूस. नवा, फारसा माहीत नसलेला उमेदवार असेल तर दारात प्रश्न येतात: कोण आहे हा, काय करणार, शाळेचं काय म्हणतो? प्रश्न आला की बोलायला जागा मिळते. फार जुना, सगळ्यांना तोंडपाठ असलेला उमेदवार असेल तर माणूस ऐकून घेतो, "हो, माहीत आहेत," म्हणतो आणि दार लावतो. यादीवर मी दोन लिहिते, पण मनात माहीत असतं की हा जाणार नाही. एका मोहिमेत अशा दोनांनी माझी पानं भरली होती. वर कळवलं, तर उत्तर आलं की दोन म्हणजे आपलीच मतं, पुढच्या गल्लीत चला.

हे लक्षात ठेवून क्रिस्ट यांच्या निवडीकडे बघा. मराठीत आपण "आयात उमेदवार" म्हणतो तसा हा प्रकार, पण त्यांची गोष्ट त्याहून लांबलचक आहे. २००६मध्ये ते रिपब्लिकन म्हणून गव्हर्नर झाले, तेही डेमोक्रॅट जिम डेव्हिस यांना हरवून. २०१०मध्ये अमेरिकेच्या सिनेटसाठीच्या प्रायमरीत मार्को रुबियो पुढे जात आहेत असं दिसल्यावर पक्ष सोडून अपक्ष लढले आणि हरले. २०१२च्या डिसेंबरमध्ये डेमोक्रॅट झाले. २०१४मध्ये गव्हर्नरपदासाठी हरले. २०१६मध्ये सेंट पीटर्सबर्गमधून अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात गेले. २०२२च्या प्रायमरीत त्यांनी राज्याच्या तेव्हाच्या कृषी आयुक्त निकी फ्राइड यांना ६० विरुद्ध ३५ टक्क्यांच्या आसपास सहज हरवलं.

पक्षातल्या अनेकांचा हिशोब असा होता की क्रिस्ट मवाळ आहेत, ओळखीचे आहेत, मधल्या मतदाराला खटकणार नाहीत. कमीत कमी लोकांना कोण खटकेल, एवढाच प्रश्न त्या हिशोबात होता. कोणासाठी माणूस ऊन-पावसात रांगेत उभा राहील, हा प्रश्न मागे पडला. त्या वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला होता आणि राज्यात १५ आठवड्यांची मर्यादा लागू झाली होती. क्रिस्ट यांनी तोच मुद्दा मध्यभागी ठेवला. पण रिपब्लिकन असताना ते स्वतःला गर्भपातविरोधी म्हणवत आले होते. मुद्दा खरा होता, लोकांच्या जिव्हाळ्याचा होता, फक्त तो त्यांच्या तोंडी रुजत नव्हता. घराच्या विम्याचंही तसंच. त्या वर्षी राज्यात एकामागून एक विमा कंपन्या बुडाल्या, लोकांचे हप्ते चढत होते, आणि हा विषय रिपब्लिकन घरातही दार उघडणारा होता. तो गर्भपाताच्या तुलनेत फार मागे राहिला.

आणि एक गोष्ट मी विसरू शकत नाही. प्रायमरी जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी क्रिस्ट म्हणाले की जे गव्हर्नरांचे समर्थक आहेत त्यांनी तिकडेच राहावं, मला त्यांचं मत नको. मनात द्वेष असेल तर तो तिथेच ठेवा. रागाच्या भरात माणूस बोलून जातो, मी समजू शकते. पण ज्या एका कारणासाठी त्यांना निवडलं होतं, तेच कारण त्या वाक्याने संपलं. डिसँटिस यांना २०१८मध्ये मत दिलेला, विम्याच्या हप्त्याने वैतागलेला माणूस आमच्या यादीवर होता. त्याच्या दारात आता काय बोलायचं?

उपगव्हर्नरपदासाठी त्यांनी मायामीच्या शिक्षक संघटनेच्या अध्यक्ष कार्ला हर्नांडेझ-मॅट्स यांना घेतलं. दक्षिण फ्लोरिडातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या मतदारांपर्यंत पोहोचायचं हा हेतू उघड होता. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे ठरलं ऑगस्टच्या अखेरीस, मतदानाला दहा आठवडे उरले असताना. मायामी-डेड या मायामी शहराच्या काऊंटीत, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यात, पक्षाची जी घसरण चालू होती ती दहा आठवड्यांत थांबणारी नव्हती.

ही घसरण नीट पाहिली पाहिजे. मायामी-डेड काऊंटीत २०१६मध्ये हिलरी क्लिंटन २९ टक्क्यांच्या फरकाने पुढे होत्या. २०१८मध्ये गिलम २१च्या आसपास. २०२०मध्ये बायडेन ७. २०२२मध्ये डिसँटिस यांनी ती काऊंटी ११ टक्क्यांनी जिंकली. गव्हर्नरच्या निवडणुकीत तिथे रिपब्लिकन उमेदवार जिंकण्याची २००२नंतरची ती पहिली वेळ. २०२४मध्ये ट्रम्प यांनीही ती साधारण तेवढ्याच फरकाने घेतली. चार वेळा उमेदवार वेगळे होते आणि रेषा एकाच दिशेने खाली गेली. क्युबा, व्हेनेझुएला, निकाराग्वातून आलेल्या घरांत "समाजवादी" हा शब्द अंगावर काटा आणणारा आहे, त्यामागे घर-जमीन सोडून पळावं लागल्याच्या आठवणी आहेत. रिपब्लिकन पक्ष तो शब्द रेडिओवर, चर्चच्या आवारात, शेजाऱ्यांच्या गप्पांत वर्षभर वापरत राहिला. आपलं उत्तर यायचं ते ऑक्टोबरमधल्या जाहिरातीत, तेही बऱ्याचदा इंग्रजीतून भाषांतर केलेल्या स्पॅनिशमध्ये. २०२०मध्ये कोविडमुळे डेमोक्रॅट्सनी घरोघरी जाणं बंद ठेवलं. आरोग्याच्या दृष्टीने मला तेव्हा ते बरोबर वाटलं होतं, आजही वाटतं. पण रिपब्लिकन कार्यकर्ते दारात जात राहिले, आणि त्याची किंमत पडली.

माझ्या कामाचा भाग ओसिओला काऊंटी, किसिमीच्या आजूबाजूचा. इथे प्वेर्तो रिकोतून आलेली माणसं खूप. ती जन्मतःच अमेरिकन नागरिक, त्यामुळे फ्लोरिडात राहायला आली की लगेच नोंदणी करून मत देऊ शकतात. २०१७च्या सप्टेंबरमध्ये मरिया चक्रीवादळाने त्यांचं बेट उद्ध्वस्त केलं तेव्हा हजारो कुटुंबं इकडे आली. आमच्या बाजूच्या बऱ्याच जणांनी गृहीत धरलं की ट्रम्प यांच्यावर रागावलेली ही माणसं आपलीच. त्या काळात तेव्हाचे गव्हर्नर रिक स्कॉट प्वेर्तो रिकोला पुन्हा पुन्हा जात होते. २०१८मध्ये स्कॉट सिनेटची जागा १०,०३३ मतांनी जिंकले. इतक्या कमी फरकात अशी प्रत्येक भेट मोलाची ठरते. बुएनाव्हेंतुरा लेक्समध्ये एका आजींनी मला दारात विचारलं होतं, "तुम्ही लोक फक्त ऑक्टोबरमध्येच का येता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मला पगारच जुलैपासून सुरू झाला होता.

माझ्या मते मूळ दुखणं इथे आहे. आमच्याकडे फील्डची माणसं उन्हाळ्यात घेतात आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या किल्ल्या परत करतात. कुठल्या इमारतीत कोण ऐकतं, कुठल्या गल्लीतले निम्मे भाडेकरू बदलले, कुठल्या चर्चच्या पाद्र्याला फोन केला तर तो उचलतो, ही सगळी माहिती त्या माणसासोबत निघून जाते. दोन वर्षांनी नवा तरुण दुसऱ्या राज्यातून येतो आणि जुनी यादी घेऊन पहिल्यापासून सुरुवात करतो. महाराष्ट्रात बूथवर काम केलेल्या कोणालाही विचारा, बूथप्रमुख तोच तोच का हवा ते तो सांगेल.

नोंदणीचे आकडे हीच गोष्ट सांगतात. २००८मध्ये डेमोक्रॅट्स नोंदणीत साडेसहा लाखांच्या आसपास पुढे होते. २०१८मध्ये ही आघाडी अडीच लाखांवर आली होती. २०२१च्या अखेरीस रिपब्लिकन पुढे गेले, राज्याच्या आधुनिक इतिहासात पहिल्यांदाच. क्रिस्ट उभे राहिले तेव्हा पक्ष नोंदणीत सुमारे तीन लाखांनी मागे होता. आज ती दरी दहा लाखांहून बरीच मोठी आहे. यात कोविडनंतर इतर राज्यांतून आलेली रिपब्लिकन कुटुंबं आहेत, मनाने आधीच तिकडे गेलेले उत्तर फ्लोरिडातले जुने डेमोक्रॅट आहेत, मतदान न केल्यामुळे यादीत निष्क्रिय ठरलेले आपले मतदारही आहेत. पहिल्या दोन गोष्टींवर पक्षाचा फारसा इलाज नव्हता. तिसऱ्यावर होता.

पैशाचंही बोललं पाहिजे. २०१८मध्ये गिलम ३२ हजारांनी हरले आणि नंतर उघड झालं की त्यांच्या निधीत ३० लाख डॉलरहून जास्त रक्कम शिल्लक होती. गिलम यांनी मग २०२०पर्यंत दहा लाख मतदारांची नोंदणी करण्याची घोषणा केली, तिच्या जवळपासही कोणी पोहोचलं नाही. २०२०मध्ये राज्य पक्षाने छोट्या उद्योगांसाठीचं कोविडचं सरकारी कर्ज घेतलं, साडेसात लाख डॉलरच्या वर, आणि टीका झाल्यावर परत केलं. पक्षाला सगळ्यात जास्त विश्वास हवा होता त्या वर्षी हे घडलं. २०२२मध्ये डिसँटिस यांनी २० कोटी डॉलरहून जास्त जमवले आणि देशभरातल्या डेमोक्रॅटिक देणगीदारांनी पैसा इतर राज्यांकडे वळवला. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही वळवला असता. हातात काही नसताना लढणारा उमेदवार मग आपोआप ओळखीचं नाव असलेलाच निघतो, कारण अनोळखी नाव लोकांपर्यंत न्यायला पैसा आणि माणसं लागतात. २०२२मध्ये क्रिस्ट पुढे गेले त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरी फळी किती पातळ आहे ते पाहायचं असेल तर एकट्या पिनेलस काऊंटीची गोष्ट पुरे. २०१४च्या मार्चमध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या पोटनिवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवार होत्या त्याच ॲलेक्स सिंक, चार वर्षांपूर्वी गव्हर्नरपदासाठी हरलेल्या. त्यांना हरवलं डेव्हिड जॉली यांनी, तेव्हाचे रिपब्लिकन. २०१६मध्ये जॉली यांना हरवलं चार्ली क्रिस्ट यांनी. आणि आता जॉली डेमोक्रॅट म्हणून गव्हर्नरपदासाठी उभे आहेत. ६७ काऊंट्यांच्या एवढ्या मोठ्या राज्यात तीच तीन नावं आलटून पालटून समोर यावीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून होतं, तेही मान्य करते. २०१० आणि २०१४ या ओबामांच्या काळातल्या मध्यावधी, म्हणजे अध्यक्षाच्या कार्यकाळाच्या मध्यावर येणाऱ्या निवडणुका, २०२२ बायडेन यांच्या काळातली. अध्यक्ष ज्या पक्षाचा त्या पक्षाला अशा वर्षी वारं उलटं असतं. २०१८मध्ये मात्र वारं आपल्या बाजूचं होतं, तरी हरलो. २०२२च्या सप्टेंबर अखेरीस इयान वादळ आलं, महिनाभर टीव्हीवर गव्हर्नरच होते आणि प्रचार जवळजवळ थांबला. २०२२मध्ये दुसरा कोणीही उमेदवार जिंकला असता असा माझा दावा नाही. निकी फ्राइड यांनी २०१८मध्ये राज्यभराच्या मतदानात कृषी आयुक्तपद ६,७५३ मतांनी जिंकून दाखवलं होतं, तरीही. पण सात टक्क्यांनी हरणं आणि एकोणीस टक्क्यांनी हरणं यात फार फरक आहे. वरचा उमेदवार एवढा खाली गेला की त्याच मतपत्रिकेवरचे विधिमंडळाचे उमेदवारही बुडतात. २०२२मध्ये दोन्ही सभागृहांत रिपब्लिकनांना दोन तृतीयांशांहून जास्त जागा मिळाल्या.

राज्यच आता रिपब्लिकन झालं आहे, असं म्हणून हात झटकणारे आमच्यात खूप आहेत. मला ते पटत नाही. २०१८मध्ये शिक्षा भोगून झालेल्या लोकांना मताचा हक्क परत देणारी घटनादुरुस्ती ६४ टक्क्यांहून जास्त मतांनी मंजूर झाली. २०२०मध्ये ट्रम्प इथे तीन टक्क्यांनी जिंकले, त्याच दिवशी किमान वेतन ताशी १५ डॉलरपर्यंत नेणाऱ्या दुरुस्तीला सुमारे ६१ टक्के मतं पडली. २०२४मध्ये गर्भपाताच्या हक्काला ५७ टक्के मिळाले. ६० लागतात म्हणून ती दुरुस्ती अडली. तेव्हा ट्रम्प १३ टक्क्यांनी जिंकत होते. ज्यांनी किमान वेतनाला हो म्हटलं त्यांतल्या कितीतरी लोकांना ते कुठल्या पक्षाचं म्हणणं आहे हे माहीत नव्हतं. हे मी दारात ऐकलेलं आहे. हे नातं जोडून देणारा उमेदवार गव्हर्नरसाठी आम्हाला मिळालेला नाही.

लॉटन चाइल्स हे १९९० आणि १९९४मध्ये जिंकलेले आमचे शेवटचे गव्हर्नर. १९७०मध्ये सिनेटसाठी उभे होते तेव्हा ते राज्याच्या उत्तर टोकापासून दक्षिणेपर्यंत हजार मैल पायी चालले होते. १९९०मध्ये त्यांनी कोणाकडूनही शंभर डॉलरहून जास्त देणगी घेतली नाही. बॉब ग्रॅहम यांनी १९७८च्या प्रचारात शंभर वेगवेगळ्या नोकऱ्यांत एकेक दिवस काम केलं. आज हेच जसंच्या तसं करावं असं मी म्हणत नाही. पण हा माणूस कोण आणि कोणाच्या बाजूचा, हे मतदाराला एका वाक्यात सांगता येत होतं.

आता जॉली. क्रिस्ट यांच्याशी साम्य उघड आहे: तोच भाग, तोच जुना पक्ष. फरकही आहेत. जॉली यांनी २०१८मध्ये रिपब्लिकन पक्ष सोडला, काही वर्षं दोन्ही मोठ्या पक्षांबाहेर होते आणि २०२५मध्ये डेमोक्रॅट झाले. राज्यभराची निवडणूक ते याआधी हरलेले नाहीत, त्यामुळे दारात प्रश्न विचारले जातील, आणि ते मला हवं आहे. घरविमा आणि घरखर्चावर ते बोलतात, हेही चांगलं. प्रायमरीत त्यांच्या विरोधात जेरी डेमिंग्स आहेत, ऑरेंज काऊंटीचे महापौर, त्याआधी शेरीफ आणि त्याआधी ऑरलँडोचे पोलीस प्रमुख. प्रत्यक्ष कारभार चालवल्याचा अनुभव त्यांचा मोठा, आणि मध्य फ्लोरिडात आमच्या निष्ठावंत मतदारांशी नातं जुनं. राज्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांना कितपत ओळखतात, हा त्यांचा प्रश्न. मी कोणाला मत देणार ते इथे लिहीत नाही, कारण प्रायमरीनंतर जो निघेल त्याच्यासाठी मला याद्या काढायच्या आहेत.

तुम्ही ठरवताना माझ्याजवळ जे तीन प्रश्न असतात ते घेऊन पाहा. प्रायमरी हरलेल्या बाजूचा कार्यकर्ता सप्टेंबरमध्ये यांच्यासाठी बाहेर पडेल का? जो मुद्दा हे पुढे करतायत तो यांच्या आजवरच्या वागण्याशी जुळतो का? आणि मायामी-डेड आणि ओसिओलात यांची माणसं आत्ता, वसंतात आहेत, की ऑगस्टनंतर येणार आहेत? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला त्यांच्या ऑफिसात सरळ फोन करा. स्वयंसेवक म्हणून नाव द्या आणि किती दिवसांत परत फोन येतो ते बघा. मी नव्या मोहिमेची पारख अशीच करते.

राज्याच्या सिनेटमधले डेमोक्रॅटिक नेते जेसन पिझो २०२५च्या एप्रिलमध्ये पक्ष सोडताना म्हणाले की फ्लोरिडातला डेमोक्रॅटिक पक्ष मेला आहे. त्यांचा वैताग मी समजू शकते. पण २०२३च्या मे महिन्यात डॉना डीगन जॅक्सनव्हिलच्या महापौर झाल्या, रिपब्लिकनांच्या हातातलं शहर घेऊन. २०२५च्या डिसेंबरमध्ये आयलीन हिगिन्स मायामी शहराच्या महापौर झाल्या, तिथे जवळजवळ तीस वर्षांत डेमोक्रॅट निवडून आला नव्हता. दोघींनीही रस्ते, घरं, पाणी तुंबणं अशा विषयांवर बोलून बिगरडेमोक्रॅट मतं घेतली. पुढची दुसरी फळी हवी असेल तर ती अशा महापौरपदांतून येईल, आणि २०३०ची तयारी म्हणून मी त्यांच्याकडेच बघते आहे.

शेवटी तुमच्यापुरतं कामाचं. प्रायमरी १८ ऑगस्ट २०२६ला आहे. त्यात मत द्यायचं असेल तर नोंदणीत पक्ष २० जुलैपर्यंत लिहिलेला हवा. नागरिकत्वाच्या समारंभात घाईत अर्ज भरताना बरेच जण ती जागा कोरी सोडतात, तेव्हा काऊंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर तुमचं नाव काढून तपासा. पोस्टाने मत द्यायचं असेल तर वेगळी मागणी नोंदवा. २०२१च्या कायद्यानंतर ही मागणी पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंतच चालते, मग पुन्हा करावी लागते. २०२२नंतर आमच्या याद्यांवरचे कितीतरी वयस्कर मतदार मतपत्रिकेची वाट बघत बसले आणि ती आलीच नाही. तुमच्या ओळखीत सत्तरीपुढचं कोणी नागरिक झालेलं असेल, तर त्यांचीही मागणी तेवढी बघून द्या.